काकूंचा ग्रेहाउंड

विद्यानगरला ज्या दवाखान्यात मी कुत्र्यांना अंघोळ घालते, तिथे एक आजोबा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला पेन. त्यांचा कुत्रा सोनेरी, लांब केसांचा, स्वभावाने गरीब. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "ब्रीड कौनसी है, अंकल?" आजोबा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "गोल्डन रिटायर." मुलीने मान खाली घालून तसंच लिहून घेतलं. तेव्हापासून आम्ही दोघी त्या कुत्र्याला रिटायर साहेब म्हणतो. तो चालतोही तसाच, पेन्शन घेऊन बँकेतून बाहेर पडल्यासारखा.

आमच्याकडे पद्धत अशी आहे. कुत्रा आत आला की ती मुलगी पांढऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर मालकाने सांगितलेलं लिहिते आणि तुकडा पिंजऱ्याला लावते. मग डॉक्टर मॅडम फेरी मारतात आणि लाल पेनाने दुरुस्ती करतात. त्यामुळे पिंजऱ्यावर काळ्या अक्षरांत एक कुत्रा असतो आणि लाल अक्षरांत दुसरा. काळ्यात कुकर, लालात कॉकर. काळ्यात बिगुल, लालात बीगल. आणि पामेरियन तर विचारूच नका. हैदराबादेत पांढरा, झुबकेदार शेपटीचा कुठलाही कुत्रा पामेरियनच असतो. मॅडमनी एका बाईंना समजावलं की खरा पामेरियन याच्या निम्म्याहून लहान, हा आपल्याकडचा स्पिट्झ. बाईंचा चेहरा असा पडला, जसं काही लग्न जुळवताना सांगितलेलं खोटं निघालं. पुढच्या महिन्यात त्या आल्या आणि काउंटरवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पामेरियन."

एक गृहस्थ आपल्या लॅबबद्दल सांगत होते, "प्युअर लेबर है मॅडम, डबल हड्डी." विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं त्यांना. मॅडम म्हणाल्या, "हड्डी सबको एक एकच रहती, साहब."

मी हसायची, पण तोंड फिरवून. कारण मी स्वतः एकही नाव घेत नव्हते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चिकटपट्टीवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लागतात, पण ती जोडून मोठ्याने म्हणायची वेळ आली की जीभ जड होते. सहा वर्षं मी कुत्र्यांना मोहल्ल्यांवरून ओळखलं. "मॅडम, नल्लाकुंटेवाले काले का नहाना हो गया." "रामनगरवाली के कान में मैल है." मॅडमना कळायचं, काम चालायचं.

हातांना मात्र नावाची गरज लागत नाही. केसांखाली दुसरी लोकर आहे का, कातडी सैल आहे की घट्ट, पंजाच्या मागे जास्तीचं नख आहे का, हे ओल्या अंगावरून हात फिरला की समजतं.

आणखी एक कारण होतं. ब्रीडला मराठीत जात म्हणतात. ज्या प्रश्नाला आमच्या घरातली मोठी माणसं उत्तर देण्याआधी इकडेतिकडे बघायची, तो प्रश्न इथे काउंटरवर हसत हसत विचारतात आणि लोक छाती पुढे काढून उत्तर देतात. मला त्याची सवय व्हायला वेळ लागला.

मागच्या थंडीत एक काकू आल्या. रिक्षातून उतरल्या, सत्तरीच्या, अंगावर इस्त्रीची सुती साडी, आणि हातातल्या दोरीला एक उंच, सडपातळ, फिकट तांबूस रंगाचा कुत्रा. डोकं निमुळतं, पोट आत गेलेलं, बरगड्या दिसत होत्या. तो आत आला आणि बसलेल्यांचं बोलणं थांबलं.

"ब्रीड, आंटी?"

"ग्रेहाउंड," काकूंनी स्पष्ट सांगितलं. उच्चार अगदी बरोबर. असं कुणी नाव घेतलं की आमची मुलगी खूश होते, पण त्या दिवशी ती कुत्र्याकडेच बघत राहिली.

बाकावरच्या एका माणसाने विचारलं, "खाना नै देते क्या, आंटी, इसकू?"

काकूंनी पर्स उघडली आणि एक कागद काढून मॅडमच्या हातात ठेवला. मी टॉवेल घेऊन तिथेच उभी होते, म्हणून सगळं ऐकलं. काकू चिक्कडपल्लीच्या एका अपार्टमेंटमध्ये एकट्या राहतात. यजमान वकील होते, दीड वर्षापूर्वी गेले. मुलगा परदेशात. भाच्याने शेतघरावरच्या कुणा मित्राकडून हा कुत्रा आणून दिला, सोबत म्हणून. आणि आता अपार्टमेंटच्या कमिटीने लिहून कळवलं होतं की कुत्र्याला उपाशी ठेवलं जातं अशी तक्रार आली आहे. महिनाभरात तो नीट भरलेला दिसला नाही, तर त्याला प्राण्यांच्या आश्रमात द्यावं लागेल.

"मी त्याला माझ्या आधी जेवायला घालते," काकू हिंदीत म्हणाल्या. "ये गया तो घर में मैं और फ्रिज, दोनोंच रह जाते."

मॅडम चांगल्या आहेत, तरुण आहेत, मन लावून काम करतात. त्यांनी कुत्र्याला काट्यावर उभं केलं. काँप्युटरच्या यादीतून ग्रेहाउंड शोधलं, वजन ताडून बघितलं, मग कुत्र्याच्या चेहऱ्याकडे बघून पट्टीवरचं ते नाव खोडलं आणि 'मिक्स' लिहिलं. वजन बरंच कमी आहे म्हणाल्या. दिवसातून तीनदा भात, अंडी, वर तूप, एक ताकदीची पावडर. दोन आठवड्यांनी दाखवा.

मी बोलायला हवं होतं ते तेव्हाच. कारण तो कुत्रा दारातून आत आला तेव्हाच मी त्याला ओळखलं होतं. तो कारवानी होता.

आमचं गाव उदगीरकडचं. माझे वडील एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात राखणीला होते. त्या शेतकऱ्याचे दोन कुत्रे असत, रानडुकरांसाठी आणि ससा उठला तर त्याच्यामागे सोडायला. लमाणांच्या तांड्यावरून आणलेली पिल्लं. कुत्रे मालकाचे, पण जीव वडिलांवर. दुसऱ्या कुणी अंगाला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. चावायचे नाहीत, नुसतं अंग चोरून दोन पावलं मागे सरायचे, एखाद्या मानी माणसासारखे. मी सात-आठ वर्षांची असेन, ताकात ज्वारीची भाकरी कुस्करून त्यांना द्यायचं काम माझं. एक दिवस जास्तीची भाकरी टाकली तर वडील ओरडले, "त्याला भरवू नको गं! कारवानी हाय तो. जाड झाला की पळायचं इसरतो."

दर अमावास्येला वडील त्यांची तपासणी करत. माकडहाडाच्या अलीकडे पाठीवर दोन हाडांची टोकं वर येतात, त्यांच्या मध्ये हाताची चार बोटं आडवी ठेवायची. चार बोटं नीट बसली आणि मागच्या तीन बरगड्या दिसल्या की कुत्रा तयार. हाडं बोटांखाली लपली तर जेवण कमी. मांडीचं मांस दगडासारखं लागलं पाहिजे. बाकी ते कुत्रे आणि आम्ही भाकरी एकाच पिठाची खायचो, आणि आमच्या बरगड्या कुणी मोजल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं मला येत होतं. तरी मी टॉवेल घडी करत राहिले. मनात म्हटलं, मॅडम पाच वर्षं शिकल्या आहेत. त्यांच्या यादीत कारवानी नाही, म्हणजे ते आमच्या गावचंच नाव असेल. शहरात आल्यापासून ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. गावाकडच्या किती गोष्टी इथे आल्यावर नुसत्या आपल्याच राहतात.

घरी आल्यावर माझ्या मुलीला सांगितलं. ती कॉलेजला आहे. म्हणाली, "मम्मी, मग बोलायचं ना सिंपल! मॅडम काय खाणार का तुला?" तिला सगळं सिंपल वाटतं. मी हे वहीत लिहिते ते तिला दाखवत नाही. दाखवलं तरी मराठी अक्षरं लावत बसेल आणि दुसऱ्या ओळीला "थकले मी" म्हणेल.

दोन आठवडे मला नीट झोप लागली, असं म्हणणार नाही. काकूंचा चेहरा आठवायचा नाही, तो फ्रिज आठवायचा.

काकू परत आल्या तेव्हा कुत्र्याला धड उभं राहवत नव्हतं. तूपभाताने पोट बिघडलेलं, डोळे निस्तेज. शेपटीला घाण लागलेली, म्हणून मॅडम म्हणाल्या, आधी धुऊन घ्या, मग बघते. काट्यावर वजन वाढायच्या ऐवजी उतरलेलं. काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. कमिटीने दिलेल्या महिन्यातले तेरा दिवस उरले होते.

अंघोळीच्या खोलीत मालकांना येऊ देत नाहीत, पण तो कुत्रा काकूंशिवाय आत यायला तयार नव्हता. मी त्याच्याकडे सरळ बघितलं नाही. बाजूला बसले, हात खाली सोडून, वडील बसायचे तसं. जरा वेळाने त्याने माझी बोटं हुंगली. मग मी कोमट पाणी सोडलं. पाठीवरून हात फिरवत मागे आले आणि दोन हाडांच्या मध्ये चार बोटं आडवी ठेवली. बसली. पोट बिघडलेलं असूनही मांडी टणक होती. मी नकळत मराठीत म्हणाले, "उपाशी नाही रे तू."

काकूंनी एकदम वर बघितलं. "अगं, तू मराठी?"

"हो काकू."

"मग त्या दिवशी मराठीत का नाही बोललीस? कुठली?"

"उदगीरकडची."

"आणि काय म्हणालीस? उपाशी नाही?"

मी नळ बंद केला. कुत्र्याला टॉवेलमध्ये गुंडाळत, त्याच्याकडेच बघत सगळं सांगितलं. हा कारवानी. पातळच असतो. दिसतो उपाशी, पण असतो घट्ट. तूपभात याला चालत नाही. याला पळायला लागतं.

मला वाटलं होतं काकूंना बरं वाटेल. त्यांचा चेहरा मात्र त्या पामेरियनवाल्या बाईंसारखा झाला.

"ग्रेहाउंड आहे तो," त्या म्हणाल्या. "माझ्या भाच्याने सांगितलं. मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय की हा इंग्लंडकडचा. आता काय सांगू, गावठी निघाला?"

"गावठी नाही, काकू. आणि असता तरी..."

कुत्र्याने ओलं डोकं त्यांच्या इस्त्रीच्या साडीवर टेकवलं, मोठा ओला डाग पडला. काकूंनी त्याला ढकललं नाही. म्हणाल्या, "खरं सांगू? इंग्रजी नाव सांगितलं की लोक जरा कमी बोलायचे. एवढंच." मग त्यांनी नाक पुसलं. "तुला पक्कं माहीत आहे?"

"पक्कं."

"मग डॉक्टरीणबाईंना सांग."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला कुत्रा सोडवत नाही म्हणून बोलून राहिली. तू सांग. तुझा हात कळतो त्याला."

तेवढ्यात मॅडमच आत आल्या. मागून काउंटरवरची मुलगीही डोकावली. मॅडम म्हणाल्या, "आंटी, इसको आज सलाइन देते. वेट और गिर गया. सीरियस हो सकता."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत होते. बोलायला सुरुवात केली ती टॉवेललाच सांगितल्यासारखी.

"मॅडम, ये कमजोर नै है. इसका पेट घी से बिगड़ा. ये जातच ऐसी है. कारवानी है ये."

"क्या है?"

"कारवानी."

काउंटरवरची मुलगी, जी मला खाला म्हणजे मावशी म्हणते, हसली. "खाला, कारवान तो उधर गोलकोंडा के रास्ते में है. कुत्ता कौनसा है वो बोलो ना." या शहरात कारवान नावाचा मोहल्ला आहे, त्यामुळे तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. एरवी मी तिथेच थांबले असते. पण कुत्रा थरथरत होता, आणि मॅडमच्या हातात सुई होती.

मी म्हणाले, "हाथ दो मॅडम."

मॅडमनी हात पुढे केला. कुत्रा मागे सरला. मी त्याची मान माझ्या काखेत घेतली, गळ्याखाली खाजवलं, आणि मॅडमची चार बोटं धरून त्या दोन हाडांमध्ये ठेवली. वडील कसं बघायचे ते सांगितलं. मग त्यांचा हात मांडीवर ठेवला. "उपाशी कुत्र्याची मांडी मऊ पडते, मॅडम. केस गळतात. याचे बघा." हे मी हिंदीत म्हणाले की मराठीत, आठवत नाही.

मॅडम बराच वेळ हात तसाच ठेवून होत्या. मग त्यांनी त्याच्या हिरड्या बघितल्या, पापणी ओढून बघितली. "पहिल्या दिवशी मी याच्या मांडीला हातच लावला नाही," त्या स्वतःशीच हिंदीत म्हणाल्या. "फासळ्या बघितल्या आणि काटा बघितला."

त्यांनी फोटो काढले आणि आपल्या जुन्या सरांना पाठवले. सरांचा लगेच फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सर आधी मोठ्याने हसले. तेलुगूत काहीतरी म्हणाले, त्यात मला फक्त 'कॅरव्हान हाउंड' कळलं. मग हिंदीत, "इसको चिक्कडपल्ली में कौन लाया? ये खेतों का राजा है."

"सर, मेरे को मिक्स लगा," मॅडम म्हणाल्या.

"सबको लगता. किताब में एक फोटो रहता. किसने पहचाना?"

मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हमारी अम्मा ने."

काउंटरवरची मुलगी बाहेर गेली. पिंजऱ्यावरची पट्टी काढून नवीन लावली. तिला कसं लिहायचं ते येईना, तेव्हा तिने मलाच हाक मारली. "खाला, तुम बोलो, मैं लिखती."

रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. दोन दिवस पातळ ताकभात, मग हळूहळू त्याचं नेहमीचं खाणं. मॅडमनी कमिटीसाठी सही-शिक्क्याचा कागद लिहून दिला. काकूंनी तो दोनदा वाचला. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. सेक्रेटरी म्हणाले होते, आधी उपाशी म्हणणारे डॉक्टर आता बरोबर म्हणतात, मेंबरं ऐकणार नाहीत, रविवारच्या मीटिंगमध्ये काय ते बोला.

"तू ये," काकू म्हणाल्या. "मॅडम रविवारी नाहीत."

नवऱ्याला सांगितलं तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मीटिंगमध्ये? तू? तू तर दूधवाल्यालाही खुणेने सांगते किती पाहिजे ते." मग म्हणाले, "सोडायला येतो गाडीवर. बाहेर थांबतो."

मीटिंग पार्किंगमध्ये होती. गाड्या बाजूला लावून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. पंधरा-वीस माणसं. सेक्रेटरी जाड चष्म्याचे, हातात फाइल. तक्रार केलेल्या बाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी त्यांचा काळा लॅब आडवा पडला होता, चारी बाजूंनी भरलेला, जीभ बाहेर. काकू कुत्र्याला घेऊन उभ्या राहिल्या. दोघे शेजारी दिसले तेव्हा मलाही एक क्षण वाटलं, या लोकांची काय चूक.

बाई म्हणाल्या, "मेरे लेबरा को देखो. प्यार से पालो तो ऐसा दिखता."

सेक्रेटरींनी मला विचारलं, "अम्मा, आप डॉक्टर है क्या?"

"नै साहब. मैं नहलाती."

मागे कुणीतरी हसलं. माझे कान गरम झाले. मी काकूंच्या कुत्र्याजवळ खाली बसले, कारण खाली बसलं की मला लोक कमी दिसतात. आणि तिथूनच सांगितलं. चार बोटं, तीन बरगड्या, मांडी. काकूंना म्हटलं, तुम्ही ठेवा बोटं, तो माझ्यापेक्षा तुमचं ऐकतो. काकूंनी वाकून चार बोटं ठेवली. सगळे पुढे झुकले. सेक्रेटरींना स्वतः ठेवून बघायची होती, पण कुत्रा दोन पावलं मागे सरला.

"नक्को साहब," मी म्हणाले. "उसकू अजनबी का हाथ नै चलता. काटता नै. सिर्फ पसंद नै करता."

"हमारी सास जैसा," कुणी बाई मागून म्हणाली, आणि पार्किंगमध्ये पहिल्यांदा सगळे मोकळं हसले.

सेक्रेटरी म्हणाले, "ये हिसाब सब कुत्तों को लगता?"

"नै साहब. हर एक का अलग. लॅब की फासळी दिखना नै, लेकिन हाथ को लगना."

हे मी नुसतं विचारलं म्हणून सांगितलं. पण सगळ्यांनी त्या काळ्या लॅबकडे बघितलं. बाईंनी वाकून त्याच्या कुशीवर हात ठेवला. हात पुढे नेला, मागे नेला, दाबला. शोधत राहिल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी घाईघाईने म्हणाले, "मिलती मॅडम, मिलती. जरा वक्त लगता. सुबह-शाम चलाना पड़ता."

बाई काकूंच्या कुत्र्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "मेरेकू इसका भूखा मुँह देखा नै जाता था. इसलिए तो बोली." आणि मग आणखी हळू, "रोज बाल्कनी से पाव डालती थी मैं."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अय्यो! म्हणजे तूपभात माझा आणि पाव तुमचा!" हे त्या मराठीतच म्हणाल्या, पण सगळ्यांना कळलं.

कमिटीने लगेच निर्णय दिला नाही. आपसांत बोलून कळवू म्हणाले. बाहेर नवरा गाडीवर बसला होता. विचारलं, "बोललीस?" म्हटलं, बोलले. "किती?" म्हटलं, मोजलं नाही.

चार दिवस काही कळलं नाही. त्या चार दिवसांत मी दवाखान्यात तीन जाती चुकीच्या सांगितल्या, मोठ्याने. डॅशहंडला काहीतरी भलतंच म्हणाले, मॅडमनी लाल पेनाने दुरुस्त केलं, आणि काही बिघडलं नाही. एक नवीन पामेरियनवाली आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं, "ये स्पिट्झ है, अम्मा. अपने इधर का है. गर्मी सहता, अच्छा है." तिने मान हलवली आणि काउंटरवर जाऊन पामेरियन लिहायला सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. मी घरी सिंकपाशी होते, हात ओले. माझ्या मुलीने फोन माझ्या कानाला लावून धरला.

"पत्र आलं," काकू म्हणाल्या. "वाचते, थांब." चष्मा शोधण्याचा आवाज झाला. पत्र इंग्रजीत होतं, त्या वाचत वाचत मराठीत सांगत होत्या. तक्रार मागे घेतली आहे. डॉक्टरांचा कागद फाइलला लावला आहे. कुत्रा राहू शकतो.

एवढं वाचून त्या थांबल्या. मुलगी विचारत होती, "काय झालं, मम्मी? काय झालं?"

मग काकू म्हणाल्या, "एक आहे. त्यांनी 'कारवार हाउंड' लिहिलंय. आता याला काय मासे घालू का? बदलून मागू?"

"नको, काकू. राहू द्या."

"हौ, राहू दे. त्याला कुठं वाचता येतं." त्यांच्या मागे नखांचा टकटक आवाज येत होता, फरशीवर, इकडून तिकडे. "हे बघ, दाराशी जाऊन उभा राहिलाय. त्या लेबरावाल्या बाई खाली थांबल्यात, त्यांना म्हटलंय, दोघी मिळून फिरायला जाऊ, त्यांचाही चालेल आणि आमचाही. ठेवते गं, हा दोरी ओढून राहिला—"

आणि फोन बंद झाला.